घाटोळे काकांचं नाक

रायपूरच्या आमच्या बूढापाऱ्यातल्या गल्लीत सकाळी साडेसहाला कोणाच्या घरी काय शिजतंय, हे कोणीही नाकानं सांगेल. घाटोळे काका मात्र ते कशावर शिजतंय, हे सांगतात. ओट्यावर खुर्ची टाकून बसायचं, डोळे मिटायचे, नाक जरा वर करायचं आणि निकाल द्यायचा. "कोपऱ्यावरच्या चायवाल्यानं आज बाभूळ लावली. त्याच्या पलीकडं कोनीतरी गोवऱ्या पेटवून राहिलं, पन त्या वाळल्या नाई अजून." मग डोळे उघडून माझ्याकडे बघायचं. "इस्वास नसन तं जाऊन पाहून ये, पोट्टी."

मी पंचावन्न वर्षांची आहे. शाळेत गणित शिकवते, मोठमोठी पोरं मला पाहून रस्ता बदलतात. पण मला पोट्टी म्हणणारा गल्लीत हा एकच माणूस उरलाय, म्हणून मी ऐकून घेते. एकदा मात्र इरेला पेटून खरंच कोपऱ्यावर गेले. चहावाला कुऱ्हाडीनं बाभळीचा ओंडका फोडत होता. शेजारच्या अंगणात एक बाई दमट गोवऱ्यांना शिव्या घालत होती. मी परत आले तेव्हा काकांनी साधं विचारलंसुद्धा नाही.

काकांची सगळी नोकरी भनपुरीकडच्या एका सरकारी लाकूड डेपोत गेली. जंगलातून आलेलं जळाऊ लाकूड तिथं चट्टे लावून ठेवत, म्हणजे आडवं, एकावर एक रचून त्याचे मोजके ढीग करत. लोक येऊन चट्टा विकत नेत. काका तिथं मुन्शी होते. रोज सायकलनं जायचे, संध्याकाळी अंगाला लाकडाचा भुसा आणि वास घेऊन परत यायचे. मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हापासून त्यांना बघतेय. मूलबाळ नाही. काकू आठ वर्षांपूर्वी श्वासाच्या आजारानं गेल्या. त्यानंतर काकांनी काकूंचं नाव माझ्यासमोर एकदाही काढलं नव्हतं.

डेपो सुटला तरी डेपोतल्या सवयी सुटल्या नाहीत. लाकूड कोरडं आहे की ओलं, हे ते बोटाच्या पेरानं ठोकून, कान लावून ऐकतात. ठोकण्याला स्थळकाळाचं बंधन नाही. माझ्या नणंदेनं नवा सोफा घेतला, पाहुणे जमले, चहाफराळ झाला. काकांनी बसण्याआधी सोफ्याचा हात ठोकला, ऐकला आणि भर बैठकीत जाहीर केलं, "सागवान सांगून आंबा देल्ला जी तुमाले." नणंदेचे यजमान तेव्हापासून आमच्या गल्लीत गाडी आणत नाहीत.

त्यांची दुसरी सवय म्हणजे झाकण. माझ्या स्वयंपाकघरात ते विचारून येत नाहीत. येतात, उघड्या पातेल्यावर झाकण ठेवतात, ज्योत भांड्याच्या बाहेर गेली असेल तर बारीक करतात आणि जातात. महालक्ष्म्यांच्या दिवशी सोळा भाज्या, आंबील, पुरण, सगळ्याची घाई. सासरच्या पाच बायका घामाघूम झालेल्या. त्यात काका आत शिरले आणि "आंबिलीवर झाकन काहून नाई वं? अर्धी आग तं छताले देऊन राहिल्या तुमी" असं म्हणून सगळ्यांच्या देखत शेगडीची चावी फिरवली. माझ्या मोठ्या जावेनं हातातली पळी अशी धरली होती, की मी मध्ये उभी राहिले.

जंगलाचा विषय निघाला की मात्र काका चेष्टेत बोलत नाहीत. एकदा एका सभागृहात जंगल वाचवण्यावर कार्यक्रम होता, शाळेतून मला पाठवलं होतं, काका हौसेनं बरोबर आले. मंचावर एक तरुण साहेब मन लावून सांगत होते की, डोक्यावर मोळी आणणाऱ्या बाया जंगल संपवतायत, त्यांना समजावलं पाहिजे. काका उभे राहिले. "साहेब, एक विचारू का? आत्ता आपन जेवनार आहो, ते कशावर शिजून राहिलं?" साहेबांना काय माहीत. काका म्हणाले, "सरई आहे, सालाचं झाड. मागं भट्टी लावली तुमच्या जेवनवाल्यानं. अख्खे गोल ओंडके आहेत, कोवळ्या झाडाचे. डोक्यावर मोळी आननारी बाई फांदी आनते जी. ओंडका टरकानं येते." साहेब भले होते, जेवणाआधी स्वतः मागं जाऊन बघून आले आणि काकांच्या शेजारी बसून जेवले. काका मात्र भात चिवडत राहिले. घरी येताना म्हणाले, "आपन विचाराले नव्हतं पायजे. जेवन चांगलं होतं."

आता बिसाहिनबद्दल सांगायला हवं. ती माझ्याकडे अकरा वर्षं भांडी करते आणि पोळ्या लाटते. नवरा नाही, मुलगी लग्न होऊन धमतरीकडे गेलेली. तलावापलीकडच्या वस्तीत एका खोलीत राहते. माझ्याकडे येताना तिला काकांच्या ओट्यावरून यावं लागतं, आणि काकांचा रोजचा सगळ्यात आवडता निकाल तिच्या लुगड्याच्या वासावर असायचा.

"गुलमोहर. ओला. काल बिजलीच्या तारवाल्यायनं रस्त्यावरचं झाड छाटलं, त्याचा."

"हव बबा," बिसाहिन हसत म्हणायची.

"आज मंडीतली खोकी. टमाट्याची."

"हव बबा. तोर नाक आय के कुकुर के?"

यावर काका इतके खूश व्हायचे, की दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे की माझं नाक कुत्र्याचं आहे म्हणून. बिसाहिनला जळण मिळेल तिथून मिळायचं. छाटलेल्या फांद्या, बांधकामावरच्या मोडक्या फळ्या, तुटकी खोकी. कधी काहीच नसलं तर तलावाकाठची बेशरमची झुडपं. त्यांचा धूर असा की वस्तीतली मांजरंसुद्धा उठून जातात, असं तीच सांगायची.

दोन वर्षांपूर्वी, पोळा झाल्यानंतरची गोष्ट. पाऊस लागून राहिला होता. बिसाहिन ओट्यावरून जाताना काकांनी नेहमीप्रमाणे डोळे मिटले आणि लगेच उघडले. निकाल दिला नाही. उठले, चप्पल न घालता तिच्या मागोमाग माझ्या दारात आले.

"प्लाय जाळून राहिली तू. रंगाची प्लाय. काहून?"

"सुक्खा उही रहिस बबा," ती म्हणाली. कोरडं तेवढंच होतं. एवढं बोलायला तिला दोनदा थांबावं लागलं, आणि मग जो खोकला लागला तो मोरीची कड धरून उभी राहिली तरी थांबेना. मी तिला त्याच दिवशी डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. फुफ्फुसं धुरानं खराब झाली आहेत. औषध देतो, पण धूर थांबला नाही तर येता हिवाळा हिला जड जाईल. चूल बंद म्हणजे बंद.

बिसाहिनकडे गॅस नव्हता असं नाही. सरकारी योजनेतला सिलिंडर कोपऱ्यात होता, त्यावर पोपट भरलेलं कापड घातलेलं, दसऱ्याला कुंकू लावलेलं. फक्त रिकामा होता. मी भरून दिला आणि समजले की काम झालं. पंधरा दिवसांनी काका म्हणाले, "आज चिंच." मी बिसाहिनला विचारलं, गॅसचं काय झालं? तर गॅस तसाच भरलेला. "पहुना आही त जलाबो दीदी." पाहुणे आले की पेटवू. रोज जाळला तर संपेल, आणि संपला की दर वेळी कोणाच्या तोंडाकडे बघायचं, हा तिचा हिशेब. पुढच्या आठवड्यात भाचीच्या साखरपुड्याला तो सिलिंडर गेला आणि तिकडेच राहिला. मी चिडले, बरंच बोलले. ती खाली मान घालून पोळ्या लाटत राहिली.

काका तिच्यावर चिडले नाहीत. "देल्लेला गॅस लोक जपून ठेवतात वं," ते म्हणाले. "आपन धूर बाहेर काढू." आणि एकाहत्तराव्या वर्षी त्यांनी धुराड्याची चूल बांधायला घेतली. चार दिवस वस्तीत माती कालवणं चाललं होतं. टेप लावून मापं घेतली, पाइप आणला, भिंतीला भोक पाडलं. गल्लीत ज्याला त्याला नकाशा काढून दाखवला. पाचव्या दिवशी नारळ फोडून चूल पेटवली, मलाही बोलावलं होतं. खरोखर खोलीत धुराचा लवलेश नव्हता. बिसाहिननं काकांच्या पायाला हात लावला. काकांची छाती फुगली.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून एक बाई खोकत, डोळे पुसत बाहेर आली. "मोर घर म धुंगिया काबर भेजथस बबा?" माझ्या घरात धूर का पाठवतोस? काकांनी पाइप भिंतीतून सरळ काढला होता, आणि भिंतीच्या पलीकडे हातभर बोळ सोडून तिची खिडकी होती. तिच्या पाळण्यातलं बाळ रडत होतं. वस्ती जमली. एवढ्या दाटीत पाइप वळवायला कुठे जागाच नव्हती. इकडे वळवला तर या घरात, तिकडे वळवला तर त्या घरात. काका पाइपाकडे बघत उभे राहिले. मग स्वतःच्या हातानं पाइप उपटला, भोकात चिखल भरला आणि घरी आले. चार दिवस ओट्यावर खुर्ची दिसली नाही.

पाचव्या दिवशी बिसाहिन आली ती हसत. खोकला होता, पण दम खाऊन बोलत नव्हती. "बबा ह गॅस दिस हे दीदी. ओकर करा दू ठन हे." काकांकडे दोन आहेत, त्यातला एक मला दिला. मला बरं वाटलं, थोडी लाजही वाटली, की हे आपल्याला सुचलं नाही. काकांनी सिलिंडर फुकट दिला नव्हता. अट घातली होती की हा माझा आहे, पाहुण्यांसाठी नाही आणि भाचीसाठी तर नाहीच. रोज वापरायचा, नाही तर परत नेईन. आणि ते रोज सकाळी तलावाला वळसा घालून जायचे, सिलिंडर दोन हातांनी उचलून वजन बघायचे. हलका लागला की खूश. जड लागला की बिसाहिनला फैलावर घ्यायचे, "काल काय उपास होता का?" सिलिंडर संपत नाही म्हणून तळमळणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

मग एका रविवारी पावसानं उघडीप दिली म्हणून मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले, तर काकांच्या मागच्या अंगणातून धूर येत होता. मला धुरातलं काही कळत नाही, धूर म्हणजे धूर. आग लागली म्हणून मी तशीच धावले.

अंगणात पत्र्याखाली तीन विटा मांडलेल्या. काका त्यांच्यापुढे उकिडवे बसलेले, हातात फुंकणीऐवजी गुंडाळलेलं वर्तमानपत्र, चेहरा राखेनं भरलेला, डोळे लाल आणि वाहणारे. विटांमध्ये गुलमोहराच्या ओल्या फांद्या फसफसत होत्या. वर पातेल्यात अर्धा कच्चा भात होता.

"काका, हे काय? गॅस कुठंय?"

"तिच्याकडं."

"तुमच्याकडे दोन आहेत म्हणालात ना?"

"म्हनलो होतो," काका म्हणाले आणि पुन्हा फुंकायला वाकले. फुंकलं आणि खोकले. आयुष्यभर लाकूड ओळखणाऱ्या माणसाला चूल पेटवता येत नव्हती.

मी त्यांच्या हातातून वर्तमानपत्र काढून घेतलं. म्हटलं, चला, आमच्याकडे जेवा, हा काय हट्ट आहे? त्यांनी डोळे धोतराच्या सोग्यानं पुसले आणि तिथंच भिंतीला टेकून बसले.

"चट्ट्याचं बूड कायले म्हनते मालूम आहे तुले?"

मला माहीत नव्हतं.

"सगळ्यात खालचा थर. जमिनीले टेकते. खालून ओल चढते, बुरशी लागते, वाळवी लागते. गिऱ्हाईक म्हने, हे नाई पायजे. त्याचं बरोबर होतं. साहेब म्हने, मंग हे कुठी टाकू? त्याचं बी बरोबर. रोजचं भांडन. मी म्हनलो, बूड मी घेतो, रीतसर पावती फाडून घेतो. सगळे म्हनाले, घाटोळे म्हंजे सोन्यासारखा मानूस." काका थांबले. "एकतीस वर्सं, पोट्टी. साऱ्या रायपूरले कोरडं लाकूड देल्लं अन् आपल्या घरी बूड आनलं. अन् एक दिवस चुलीपाशी बसलो नाई. भात ताटात येते, एवढंच मालूम."

मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले.

"आधी फुटाने-मुरमुऱ्यावर भागवलं. चूल मांडून आज चौथा दिवस आहे," ते म्हणाले. "काल समजलं मले. फुंकाचं म्हनलं तं आधी श्वास घ्या लागते. अन् श्वास घेतला का धूरच आत जाते. दुसरं काई नसतेच तिथं घ्यायले."

मागून पावलं वाजली. बिसाहिन कामावर आली होती, धूर बघून आत आली. तिनं विटा पाहिल्या, काकांचे डोळे पाहिले आणि तिला समजायला वेळ लागला नाही. कोपऱ्यातली बादली उचलली आणि अख्खी चुलीवर ओतली. भात, फांद्या, काकांचा पंचा, सगळं भिजलं.

"उठ बबा! लबरा कहीं के!" ती ओरडली. खोटारडा कुठला! काकांवर इतका मोठा आवाज मी कधी कोणी चढवलेला ऐकला नाही. मग आवाज एकदम खाली आला. "आज ले तोर भात मोर घर ले आही. गॅस तोर, त भात घलो तोर." आजपासून तुझा भात माझ्या घरून येईल; गॅस तुझा, तर भातही तुझाच.

काका म्हणाले, मला सवय आहे, मी करीन. ती ऐकायला थांबली नाही. त्या दिवशी माझी भांडी तशीच पडून राहिली. दुपारी बारा वाजता ती स्टीलचा डबा पदरात धरून आली. गरम भात, डाळ, लाल भाजी आणि वर आंब्याच्या लोणच्याची फोड. काकांच्या स्वयंपाकघरात तिनंच ताट वाढलं आणि दारापाशी बसली. पंख्यासमोर तिचा श्वास सरळ चालला होता. मीही तिथंच होते, काकांनी जा म्हटलं नाही म्हणून.

काकांनी भातात डाळ कालवली, चार घास खाल्ले. मग ताटातून मान वर न करता मला म्हणाले, "तुयी काकू तुमच्याकडं दूध तापवाले येत जाये न?"

"यायच्या ना."

"कधी बोलली का वं तुले? डोयाचं, छातीचं?"

काकू दुपारी दुधाचं गंज, म्हणजे छोटं पातेलं, घेऊन यायच्या. दूध तापलं तरी जायच्या नाहीत, माझ्या गॅसच्या ओट्याला टेकून उभ्या राहायच्या. डोळे सुजलेले असायचे. मी एकदा म्हटलं होतं, काकू, मी काकांशी बोलते, गॅस घ्यायला सांगते. त्यांनी माझं मनगट धरलं होतं. "त्यायले नको सांगू वं. लय चांगला मानूस आहे. मनाले लावून घेतीन." मी सांगितलं नाही. तेव्हा नाही आणि नंतरही नाही. काका निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे गॅस आला, तोवर काकूंना आमच्या पायऱ्या चढवत नव्हत्या.

"नाही काका," मी म्हटलं. "कधीच नाही."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. डोळे अजून लालच होते.

"तुयी काकू बी असंच म्हने," ते म्हणाले. "मी विचारलं का लगेच नाई म्हने. असंच, खाली पाहून."

मग त्यांनी ताट बिसाहिनकडे सरकवलं आणि आणखी थोडा भात मागितला.